दुचाकीचा पुढचा डिस्क ब्रेक घासतोय, चाक जड फिरतंय: नवी डिस्क घेण्याआधी काय काय बघायचं

आधी लक्षणं. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलताना पुढून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. चालताना पुढच्या चाकातून सर्र-सर्र आवाज येतो आणि वेग वाढला की त्याचा ठेकाही वाढतो. ब्रेक दाबला की लिव्हर बोटांखाली धडधडतो. खड्ड्यातून गेल्यावर पहिल्यांदा दाबलेला लिव्हर खोल जातो, दुसऱ्यांदा लगेच कडक लागतो. सिग्नलला थांबलं की चाकापाशी करपल्याचा वास येतो. पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेकचे तुकडे, काढून बघितले तर एक पत्र्याला टेकलेला आणि दुसरा अर्ध्याहून जास्त शिल्लक. किंवा एकच पॅड वरून जाड आणि खालून पातळ, पाचरीसारखा झिजलेला.

यातलं काहीही तुमच्या गाडीला होत असेल तर कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आणि डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) एकमेकांच्या रेषेत चालत नाहीत असं समजायला हरकत नाही. प्रश्न एवढाच, की रेषा कुणी सोडली.

पुण्यात धनकवडीला माझं छोटं गॅरेज आहे. पाऊस सुरू झाला की हा एकच आजार घेऊन गाड्यांची रांग लागते. येणारा माणूस बहुतेक वेळा निदान करूनच आलेला असतो: "दादा, डिस्क वाकडी झालीय, नवीन टाका." माझ्या हाताखालून गेलेल्या अशा गाड्यांत डिस्क खरोखर वाकडी निघाली ती फार थोड्यांची. बाकीच्यांचं दुखणं कॅलिपरच्या पिनांत, एक्सलमध्ये (चाकाच्या आसात) नाहीतर लिव्हरपाशी होतं. डिस्क हा या सगळ्यातला महागाचा भाग आहे, म्हणून ती सगळ्यात शेवटी तपासायची. लोक सुरुवातच तिथून करतात, आणि पैसे जाऊनही आवाज तसाच राहतो.

ब्रेक चालतो कसा, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्याकडच्या रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांना फ्लोटिंग कॅलिपर असतो. पिस्टन एकाच बाजूला. लिव्हर दाबला की पिस्टन आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर टेकवतो, मग त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून उलट सरकतो आणि पलीकडचा पॅड ओढून डिस्कला लावतो. लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग कुठेही नसते. पिस्टनभोवती एक चौकोनी कडांचं रबरी सील असतं. पिस्टन पुढे जाताना ते जरासं पिळलं जातं, आणि दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. त्या केसभर जागेवर तुमचं चाक मोकळं फिरत असतं. कॅलिपर थोडा तिरका बसला किंवा पिनेवर अडकला की ती जागा संपते.

चाक उचलून फिरवा

गाडी डबल स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवा, म्हणजे पुढचं चाक वर येईल. हाताने फिरवा. डबल स्टँड नसेल तर पुढून उचलायचा स्टँड मिळवा. इंजिनाखाली विटा रचून उचलायच्या फंदात पडू नका, गाडी अंगावर येते.

अगदी बारीक, एकसारखा सर्र आवाज येत असेल आणि चाक तीन-चार फेऱ्या मारून थांबत असेल तर ते निरोगी आहे. डिस्क ब्रेकचे पॅड डिस्कच्या जवळच असतात, थोडं टेकणारच. आवाज प्रत्येक फेरीत एकाच जागी येत असेल तर डिस्कवर काहीतरी आहे किंवा तिला बेंड आहे. सारखा घासतोय आणि चाक एका फेरीच्या आत थांबतंय, तर कॅलिपर, पिस्टन किंवा चाकाची बैठक. हा फरक नीट ऐकून घ्या, पुढचे दोन तास त्याने वाचतात.

गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर डिस्कला हात लावू नका. पाण्याचे दोन थेंब बोटाने उडवा. ब्रेक फारसा न लावता दोन-तीन किलोमीटर आल्यावरही थेंब चुर्र करून उडाले, तर ब्रेक लागलेलाच राहतोय.

फुकटातलं: धुणं आणि लिव्हर

पॅड आणि डिस्क यांच्या मधे बारीक खडी, चिखलाचा वाळलेला थर, कधी प्लास्टिकच्या पिशवीचा वितळलेला तुकडा असतो. साध्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने साफ करा. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंजाची पुसट साय दिसते, ती पहिल्या दोन-चार ब्रेकांत जाते. त्यासाठी काहीही करायचं नाही. वॉशिंग सेंटरला मात्र सांगा की प्रेशरचा पाइप कॅलिपरच्या रबरांवर धरू नका. त्या फवाऱ्याने पिनांमधलं ग्रीस निघतं आणि पाणी आत जातं.

मग लिव्हर बघा. लिव्हर दाबायला सुरुवात केल्यावर पहिला थोडा भाग अगदी हलका, रिकामा जायला हवा. तो खेळ नसेल तर मास्टर सिलिंडरचा, म्हणजे लिव्हरपाशी ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाचा, पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि दाब आत अडकतो. गाडी गरम झाली की ऑइल फुगतं, दाब वाढतो, ब्रेक आपोआप लागत जातो. बाहेरून आणलेले फॅन्सी लिव्हर, हँड गार्डचा क्लॅम्प, लिव्हरला टेकलेला मोबाइल होल्डर, इतक्या साध्या गोष्टींनी हे होतं. दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्या एका मुलाच्या गाडीचे पॅड सारखे संपत होते. त्याच्या पावसाळी हँडल-कव्हरची इलॅस्टिक दोरी लिव्हरवरून गेली होती. दोरी सरकवली, काम झालं.

टाकीतलं ब्रेक ऑइलही बघा. कमाल खुणेच्या वर भरलेलं नको. पॅड झिजले की पातळी आपोआप खाली येते. ती बघून कुणीतरी वरून भर घालतं, मग नवे पॅड टाकले की पिस्टन मागे जातो आणि टाकी काठोकाठ होते. जास्तीचं ऑइल कापडाने टिपून काढा. रंगावर पडू देऊ नका, पेंट उचलतं. पडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता.

शेवटचं पंक्चर कधी काढलं होतं?

गॅरेजमध्ये गाडी आली की मी हा प्रश्न पहिला विचारतो. "परवाच" असं उत्तर आलं की मी पॅडकडे बघायच्या आधी एक्सलकडे बघतो.

चाकाच्या दोन्ही बाजूंना एक्सलवर स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या, असतात आणि कित्येक गाड्यांत दोन्हींची लांबी वेगळी असते. रस्त्यावर घाईत चाक काढलं, स्पेसर मातीत पडले, उचलताना डावा उजवीकडे गेला. चाक बसतं, नट आवळला जातो, गाडी चालते. फक्त डिस्क कॅलिपरच्या मधोमध येत नाही. वडगावहून एक काका आले होते. दुसरीकडे नवी डिस्क, नवे पॅड टाकून चार दिवस झाले होते आणि आवाज तसाच होता. चाक उतरवलं तर स्पेसर अदलाबदल झालेले. जागच्या जागी घातले, चाक मोकळं फिरलं. काकांनी जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवली होती. ती मी जाड काचेवर ठेवून कडेने फिरवून बघितली. काच आणि डिस्क यांच्या मधे कुठेही फट नव्हती. काका बराच वेळ ती डिस्क हातात धरून उभे होते.

म्हणून चाक काढायच्या आधी दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो घ्या. पंक्चरवाल्यासमोर उभे असाल तर तिथेही घ्या.

स्पेसर बरोबर असतील तरी एक गोष्ट राहते, आणि ती घरी कुणालाही करता येते. एक्सल आवळताना पुढच्या शॉकअपचे दोन पाय एकमेकांकडे ओढले जातात आणि तिरके अडकून बसतात. शॉकअपच्या पायाला एक्सल धरणारा क्लॅम्प बोल्ट असेल तर तो सैल करा. एक्सलचा नट आवळलेलाच राहू द्या. गाडी स्टँडवरून खाली घ्या, पुढचा ब्रेक धरा आणि हँडलवर वजन टाकून शॉकअप पाच-सहा वेळा पूर्ण दाबा. पाय आपोआप आपल्या नैसर्गिक अंतरावर येतात. मग क्लॅम्प बोल्ट आवळा. नुकतं टायर बदललेल्या गाड्यांची घासण्याची तक्रार एवढ्याने गेलेली मी कितीतरी वेळा बघितली आहे. एक्सलचा नट मात्र सैल ठेवून पळवायची कल्पनाही करू नका. तो गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळलेला हवा.

जाता जाता कॅलिपरचे दोन मोठे बोल्ट पान्याने तपासा. एक सैल असेल तर कॅलिपर तिरका होतो आणि पॅड पाचरीसारखे झिजतात. ते ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातात, त्यामुळे जोर काढून आवळू नका. आटे गेले की साध्या कामाचं मोठं काम होतं.

पिना: खरा आजार बहुतेक इथेच

परीक्षा संपली की आपल्याकडची पोरं गाडी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये लावून गावी जातात. मे महिन्याचा फुफाटा बसतो, मग वळवाचा पाऊस. जून-जुलैत परत येतात तर चाक हलत नाही. तीच गत नदीपात्रात लावलेल्या गाड्यांची. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला आणि वेळेवर गाडी काढली नाही, की गाळाचं पाणी कॅलिपरभर होतं. या सगळ्यांच्या पिना जॅम असतात.

ओळखायचं कसं? कॅलिपरचे बोल्ट काढायच्या आधी दोन्ही हातांनी कॅलिपर धरा आणि एक्सलच्या दिशेत, म्हणजे डिस्कला आडवा, हलवा. थोडा तरी गुळगुळीत सरकला पाहिजे. दगडासारखा स्थिर असेल तर पिना धरल्या आहेत. पॅड असमान झिजले असतील तर खात्रीच. पिस्टनच्या बाजूचा पॅड आधी संपला असेल तर कॅलिपर सरकत नव्हता आणि त्या एकट्या पॅडनेच सगळा ब्रेक लावला.

कॅलिपर उतरवा आणि तारेने शॉकअपला टांगा. ब्रेकच्या पाइपवर लटकू देऊ नका. पॅड काढा, पण कुठला आतला, कुठला बाहेरचा आणि मागची पातळ पत्र्याची स्प्रिंग कशी बसली होती याचा फोटो घ्या. ती स्प्रिंग उलटी बसली किंवा हरवली की पॅड आत खडखडतात आणि तिरके राहतात. आता ब्रॅकेट, म्हणजे कॅलिपर ज्यावर सरकतो ती चौकट, कॅलिपरपासून ओढून वेगळी करा. पिना दिसतील.

निरोगी पिन चमकते आणि तिच्यावरचं ग्रीस ओलसर असतं. आजारी पिनेवर काळपट, वाळलेल्या डांबरासारखा थर असतो, आणि पिनेवरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, फाटला असेल तर त्याखाली तांबडा गंज. बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, पिन गोल फिरवत साफ करा. भोकही कापडाच्या वातीने पुसून काढा. पिनेवर नखाला लागतील असे खड्डे पडले असतील तर पिन बदला, घासून ते जात नाहीत. बऱ्याच कॅलिपरच्या दोन पिना सारख्या नसतात. एकीच्या टोकाला रबराची बाही असते. ती तिच्याच भोकात परत जायला हवी. पिना आणि बुटांचा किट नाना पेठेत गाडीचं नाव, मॉडेल आणि साल सांगितलं की मिळतो. जुनी पिन नमुन्याला सोबत न्या. डिस्कच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. इथे साधं ग्रीस लावायचं नाही आणि पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने काहीही धुवायचं नाही. ब्रेकमधलं रबर खनिज तेल पिऊन फुगतं. पिन आज मोकळी होते, महिन्याभरात फुगलेलं रबर तिला पुन्हा घट्ट धरतं आणि माणूस म्हणतो, "परवाच तर सर्व्हिसिंग केलं." सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस घ्या, लहान पुडी कित्येक वेळा पुरते. धुण्यासाठी साबणाचं पाणी नाहीतर ब्रेक क्लीनर.

ग्रीस पातळ थरात लावा. भोक भरून टाकलंत तर एक गंमतीची गोष्ट दिसेल: अंगठ्याने पिन आत दाबता, ती पूर्ण आत जाते, अंगठा काढला की हळूहळू परत बाहेर येते. आत हवा कोंडलेली असते. बुटाची कड बारीक, बोथट स्क्रू ड्रायव्हरने किंचित उचला, फुस्स करून हवा जाऊ द्या, आणि पिन आत असतानाच कड परत खाचेत बसवा. आता कॅलिपर दोन बोटांनी सरकला पाहिजे. तो जेव्हा असा सरकतो, तेव्हा निम्म्याहून जास्त गाड्या माझ्याकडून इथेच घरी जातात.

पिस्टन

पॅड बाहेर असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन निघून येईल. बाहेर दिसणारा पिस्टनचा भाग टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने सगळीकडून साफ करा, पुसा, मगच मागे ढकला. मळकट पिस्टन तसाच ढकलला तर ती खरखर सीलवर जाते. टाकीचं झाकण उघडून, भोवती कापड लावून, दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबा. सावकाश, एकसारखा गेला तर पिस्टन ठीक. एका बाजूने अडकतोय, पकडीनेही हलत नाही, तर थांबा.

त्याआधी एक चाचणी आहे जी दोष नक्की कुठे ते दाखवते. चाक जॅम असताना, सगळं गाडीवरच असताना, कॅलिपरच्या ब्लीडर निपलला (ऑइल आणि हवा बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरी सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकला होता, म्हणजे दोष वर, मास्टर सिलिंडरमध्ये किंवा आतून फुगलेल्या पाइपात. चाक तसंच जड राहिलं तर दोष कॅलिपरमध्येच, पिना किंवा पिस्टन. निपल लगेच आवळा. गंजलेलं निपल जोर करून सोडवायला जाऊ नका, तुटून आत राहतं.

सगळं परत बसवल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, लिव्हर पुन्हा पुन्हा दाबून कडक करा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले काही दाब रिकामे जातात. हे विसरून सोसायटीच्या गेटवर जाऊन आदळलेला माणूस मला माहीत आहे.

आता डिस्क

वरचं सगळं करूनही एकाच जागी घासत असेल तरच इकडे या. शॉकअपच्या पायाला केबल टाय बांधा, त्याचं टोक डिस्कच्या सपाट भागापासून कागदाइतकं दूर राहील असं कापा आणि चाक हळू फिरवा. फट कुठे मिटते, कुठे वाढते ते दिसेल. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर मोजा. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात डिस्कच्या हेलकाव्याची मर्यादा ०.३ मिमीच्या आसपास दिलेली असते, काहींना त्याहून कमी. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकातून घ्या. मोजण्याआधी चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून बघा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर सरळ डिस्कही हेलकावे खाते.

जाडी डिस्कवरच कोरलेली असते, किमान किती हवी ते. नवी ४ मिमी आणि मर्यादा ३.५ मिमी हे गणित पुष्कळ गाड्यांना दिसतं. व्हर्निअरने पॅड घासतो त्या पट्ट्यात मोजा, कडेला नाही. कड झिजत नाही, तिथे आकडा फसवतो.

खरोखर बेंड आलेल्या डिस्कांमागे मला दोनच कारणं सारखी दिसली. डिस्क लॉक काढायचं विसरून गाडी पुढे घेतली, किंवा टायर काढताना चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर टाकून वरून टॉमीने, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीने, जोर दिला. टायरवाल्याला डिस्कची बाजू वर ठेवायला सांगा, लाज बाळगू नका.

डिस्क हातोड्याने ठोकून सरळ करून देणारे भेटतात. मी करत नाही आणि तुम्हीही करून घेऊ नका. थंड असताना ती सरळ दिसते, सिंहगडाचा घाट उतरताना गरम झाली की लिव्हर पुन्हा धडधडतो, आणि त्या वेळी तुम्ही वळणावर असता.

इथे थांबा

कॅलिपर किंवा पाइपाभोवती ओल दिसतेय. लिव्हर धरून ठेवला तर हळूहळू आत बुडतोय. ब्लीडिंग करूनही, म्हणजे ऑइलमधली हवा काढूनही, स्पंजासारखा लागतोय. पिस्टन हलत नाही. आटे गेलेत. बेअरिंगमध्ये खेळ आहे. यापैकी काहीही असेल तर पाना खाली ठेवा आणि गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.

एबीएसचंही, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचंही, तसंच. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरची तुमची गाडी त्यात येत असेल तर चाक काढताना सेन्सर आणि दात्यांची चकती जपा. चाक बसवून थोडं चालवल्यावरही मीटरवरचा एबीएसचा दिवा विझत नसेल, किंवा त्याच्या युनिटमध्ये हवा गेली असेल, तर स्कॅनर असलेल्या ठिकाणीच जा.

आणि घाटात चाक जॅम झालं तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, थांबा. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते. अर्ध्या तासाने चाक फिरवून बघा. आपोआप मोकळं झालं म्हणून उतार उतरायला लागू नका, खालून माणूस बोलवा. त्याला तीन गोष्टी सांगा: गार झाल्यावर चाक मोकळं झालं की तसंच राहिलं, जॅम होण्याआधी लिव्हर कडक होत गेला होता की नाही, आणि शेवटचं पंक्चर कधी काढलं होतं. एवढं कळलं तर त्याला कॅलिपर उघडायचा की मास्टर सिलिंडर, ते गाडी बघायच्या आधीच ठरवता येतं.